कायद्याचा सल्ला : भाड्याने दिलेले घर परत घेताना

भाड्याने दिलेले राहते घर रीतसर परत कसे मिळवावे, या विषयावरच्या पत्रांचा गठ्ठा या खेपेला बराच जाड आहे. त्यांतील सहा पत्रे निवडली असून ओळख पटेल असा मजकूर काढून टाकला आहे. उत्तरे महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याला धरून आहेत. हा कायदा ३१ मार्च २००० पासून अमलात आहे. गोव्यात १९६८ चा स्वतंत्र कायदा असून तेथील प्रकरणे भाडे नियंत्रकापुढे चालतात, तेव्हा गोव्यातील वाचकांनी खालील मुदती स्वतःच्या प्रकरणाला लावू नयेत.

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त आहोत. कोथरूडमधील आमचा फ्लॅट लिव्ह अँड लायसन्स कराराने एका कुटुंबाला दिला होता. अकरा-अकरा महिन्यांचे तीन करार झाले आणि तिन्ही नोंदवलेले आहेत. शेवटचा करार संपून चार महिने झाले, तरी “मुलीची दहावी होऊ द्या” असे सांगून ते राहतच आहेत. महिना २२,००० रुपये ठरले होते. करार संपल्यावर दोन महिने पैसे आले, पुढचे दोन महिने तेही नाहीत. आमच्याकडे ६०,००० रुपये डिपॉझिट आहे. सोसायटीतले एक गृहस्थ म्हणतात, “ते गावाला गेले की कुलूप बदलून टाका.” असे करावे का? — एक वाचक, पुणे

उत्तर : करू नये. ज्याचा शांततेने ताबा आहे त्याला, त्याची मुदत संपलेली असली तरी, कायद्याच्या मार्गाखेरीज बाहेर काढता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या कृष्णराम महाले यांच्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे आणि ते प्रकरण मुदत संपलेल्या लायसन्सचेच होते. आपण कुलूप बदललेत, तर ते विशिष्ट अनुतोष अधिनियमाच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा लावून ताबा परत मागू शकतात, आणि त्या दाव्यात मालक कोण हा प्रश्न विचारातच घेतला जात नाही. शिवाय आतले दागिने, रोकड, मुलीची पुस्तके यांचा हिशेब आपल्याकडून मागितला जाईल तो वेगळाच. आज आपली बाजू भक्कम आहे. कुलूप बदलल्याच्या दिवसापासून ती त्यांची होईल.

ती भक्कम कशी, ते सांगतो. भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे, राहण्यासाठी लायसन्सवर दिलेली जागा मुदत संपल्यावर लायसन्सधारकाने मालकाच्या स्वाधीन केलीच पाहिजे. न केल्यास मालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. हा अर्ज दिवाणी न्यायालयात जात नाही. त्यासाठी शासनाने नेमलेले स्वतंत्र अधिकारी असतात आणि पुणे विभागासाठीही तशी व्यवस्था आहे. या मार्गाची मोठी सोय अशी की येथे आपल्याला घराची गरज सिद्ध करावी लागत नाही, समोरच्याची अडचणही तोलली जात नाही. लायसन्स दिले होते आणि ते संपले, एवढ्या दोनच गोष्टी दाखवायच्या असतात. लेखी करार हा त्यातील मजकुराचा निर्णायक पुरावा मानावा, असे कायदाच म्हणतो. त्यामुळे “तोंडी आम्हाला भाडेकरू मानले होते” असल्या बचावाला तेथे फारसे स्थान उरत नाही.

समन्स बजावल्यापासून तीस दिवसांच्या आत लायसन्सधारकाने प्रतिज्ञापत्र देऊन प्रकरण लढवण्याची परवानगी मिळवावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर अर्जातील कथन मान्य धरून ताब्याचा आदेश होतो. त्या आदेशावर अपील नाही, केवळ पुनरीक्षणाचा (रिव्हिजनचा) मार्ग आहे. कागदावर हे सारे झटपट दिसत असले तरी प्रत्यक्षात तारखा पडतात, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणून अर्जाला उशीर करू नये आणि दहावीचा निकाल लागेपर्यंत तर मुळीच थांबू नये. परीक्षेपर्यंत राहू द्यावे असे आपल्याला मनापासून वाटत असेल, तर तेवढ्या महिन्यांचा नवा करार करून तो नोंदवून घ्या; तोंडी सवलत देऊ नका.

पैशांचे म्हणाल तर कलम २४ नुसार मुदतीनंतरच्या ताब्यासाठी ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई मिळते. आपल्या बाबतीत ती महिन्याला ४४,००० रुपये, म्हणजे चार महिन्यांची १,७६,००० रुपये होते. आलेले ४४,००० वजा केले तर १,३२,००० उरतात, आणि ६०,००० चे डिपॉझिट त्यात वळते केले तरी ७२,००० रुपये येणे राहते. हा हिशेब नोटिशीत असाच आकड्यांनी मांडावा. “मोठ्या प्रमाणात थकबाकी” अशा मोघम शब्दांपेक्षा चार ओळींचे गणित समोरच्या वकिलाला अधिक लवकर कळते. यापुढे ते काही रक्कम देऊ लागले तर घेण्यास हरकत नाही, पण पावतीवर “भाडे” असे लिहू नका. “करार संपल्यानंतरच्या ताब्याची नुकसानभरपाई म्हणून, आमचे हक्क अबाधित ठेवून स्वीकारले” असे लिहा. डिपॉझिट किल्ली हातात येईपर्यंत परत करू नका.

करार अकरा महिन्यांचाच का, असे अनेक जण विचारतात. १९७३ साली जुन्या मुंबई भाडे कायद्यात दुरुस्ती होऊन १ फेब्रुवारी १९७३ रोजी ताब्यात असलेल्या लायसन्सधारकांना संरक्षित भाडेकरूंचा दर्जा मिळाला. त्या तारखेने पोळलेल्या घरमालकांची धास्ती पुढच्या पिढीपर्यंत उतरली. शिवाय वर्षाच्या आतल्या कराराला नोंदणी लागत नाही, ही समजूतही तिला येऊन मिळाली. ती समजूत आज चुकीची आहे. महाराष्ट्रात कलम ५५ प्रमाणे लायसन्सचा करार किती का महिन्यांचा असेना, तो लेखी आणि नोंदणीकृतच हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची आहे. साठ महिन्यांपर्यंतच्या लायसन्सला मुद्रांक शुल्काचा दर एकच असतो, त्यामुळे दर अकरा महिन्यांनी धावपळ करण्याचे खरे तर काही कारण नाही.

प्रश्न : साताऱ्यात आमच्या आजोबांचा वाडा आहे. मागच्या दोन खोल्या १९६० च्या सुमारास महिना ६० रुपये भाड्याने दिलेल्या आहेत. मूळ भाडेकरू सात वर्षांपूर्वी वारले, तरी पावत्या अजून त्यांच्याच नावाने निघतात. त्यांची पत्नी पतीच्या निधनापर्यंत तेथेच राहत होती. आता तीन वर्षांपासून मुलाकडे पुण्याला असते. खोल्यांना कुलूप आहे. चार वर्षांचे भाडे आलेले नाही. थकबाकीवर दावा लावला तर घर मिळेल का? — एक वाचक, सातारा

उत्तर : थकबाकीवर दावा जरूर लावावा, मात्र तेवढ्याच एका कारणावर विसंबू नये. का, ते या प्रकरणातल्या आकड्यांवरूनच पाहू.

कलम १५ प्रमाणे भाडेकरू भाडे देत असेल किंवा देण्यास तयार असेल, तोवर त्याला काढता येत नाही. थकबाकीसाठी आधी लेखी मागणीची नोटीस द्यावी लागते आणि ती बजावल्यापासून नव्वद दिवस उलटल्याखेरीज दावाच दाखल करता येत नाही. दावा दाखल झाल्यावरही भाडेकरूला दुसरी संधी आहे: समन्स मिळाल्यापासून नव्वद दिवसांत त्याने सारी थकबाकी सालीना १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, पुढचे भाडे दावा संपेपर्यंत भरत राहिला आणि न्यायालय ठरवील तो खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावर ताब्याचा हुकूम होत नाही. थकलेले भाडे वसूल करण्याची मुदत तीन वर्षांची आहे, म्हणून आपल्याला मागता येणारी रक्कम छत्तीस महिन्यांची, म्हणजे २,१६० रुपये. व्याज धरले तर आणखी सुमारे पाचशे. पुण्यात राहणारा मुलगा एका दुपारी एवढी रक्कम भरून मोकळा होईल आणि आपल्या दाव्यातला तेवढा भाग तेथेच संपेल. तरीही मागणीची नोटीस द्यावीच, कारण पुष्कळ भाडेकरू पहिले काही महिने भरतात आणि मग भरणे विसरतात, आणि ते विसरणे पुढे मालकाच्या कामी येते.

आपल्या प्रकरणात खरा जोर आहे तो कुलपाचा. कलम १६ मध्ये ताब्याची जी कारणे दिली आहेत, त्यांत शेवटचे असे आहे की ज्या कामासाठी जागा दिली त्या कामासाठी ती, वाजवी कारण नसताना, दाव्याच्या तारखेच्या लगतपूर्वी सलग सहा महिने वापरली गेलेली नाही. सलग आणि लगतपूर्वी हे दोन्ही शब्द महत्त्वाचे आहेत. दावा लागण्याआधी महिनाभर त्या बाई येऊन राहून गेल्या, तर सहा महिने नव्याने मोजावे लागतील. म्हणून पुरावा आताच गोळा करा. सर्वांत उत्तम साक्षीदार म्हणजे वीजबिल: महिन्यामागून महिना शून्य युनिट. बिल भाडेकरूच्या नावाचे असेल, तर वीज कंपनीकडून वापराचा उतारा न्यायालयामार्फत मागवता येतो. त्याखेरीज शेजारच्या बिऱ्हाडातील दोघे, दूधवाला, मतदारयादीतील पत्ता, गॅस जोडणीचे स्थलांतर. माझ्याकडे पूर्वी आलेल्या एका प्रकरणात साऱ्या कागदांपेक्षा कडीला लागलेले कोळ्याचे जाळे दाखवणारे तारखांसह फोटो न्यायाधीशांच्या मनात अधिक भरले, पण एवढ्यावर दावा जिंकता येत नाही, हेही सांगायला हवे.

समोरून “वाजवी कारण” म्हणून आजारपण पुढे येईल, हे गृहीत धरा. औषधोपचारांसाठी काही महिने मुलाकडे राहणे वेगळे आणि संसारच हलवणे वेगळे. भांडीकुंडी, गॅस, देवघर खोलीत उरले आहे की नाही, हा उलटतपासातला पहिला प्रश्न असतो.

पावत्यांबद्दल एक सूचना. मयत व्यक्तीच्या नावाने नोटीस देऊन काही साधत नाही. भाडेकरू मरण पावल्यावर त्याच्या कुटुंबातील जी व्यक्ती मृत्यूच्या वेळी त्याच्यासोबत राहत होती, तिला भाडेकरू मानले जाते; आपल्या प्रकरणात ती त्यांची पत्नी. सावधगिरी म्हणून मुलांनाही नोटिशीत आणि दाव्यात घ्यावे, म्हणजे नंतर कोणी “मला कळवलेच नाही” असे म्हणत उभा राहणार नाही. नोटीस पोचपावतीसह टपालाने पाठवा, सातारा आणि पुणे अशा दोन्ही पत्त्यांवर. पाकीट “घेण्यास नकार” या शेऱ्याने परत आले तर फाडू नका. बंद पाकीट तसेच वकिलाकडे द्या. योग्य पत्त्यावर पाठवलेले पत्र नाकारणे म्हणजे ते बजावले गेले, असेच सर्वसाधारणपणे धरले जाते.

साताऱ्यात हा दावा दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे लागेल. मुंबई आणि पुण्यासारख्या ठिकाणी तो लघुवाद न्यायालयात लागतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ ची पंधरा दिवसांची वेगळी नोटीस भाडे कायद्याखालील दाव्याला आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने १९७९ साली धनपाल चेट्टियार प्रकरणात ठरवले. थकबाकीची नव्वद दिवसांची नोटीस मात्र वगळता येत नाही. या दोन नोटिशींची गल्लत मी दर वर्षी दोन-तीन प्रकरणांत तरी पाहतो.

प्रश्न : मी सव्वीस वर्षे न्यू जर्सीत नोकरी करून पुढच्या वर्षी निवृत्त होत आहे. डोंबिवलीचे आमचे घर वडिलांनी १९७८ मध्ये भाड्याने दिले होते; आता ते माझ्या आणि बहिणीच्या नावावर आहे. परत येऊन तेथेच राहण्याचा आमचा विचार आहे. भाडेकरू नियमित भाडे देतात. त्यांच्या मुलाने कल्याणला स्वतःचा फ्लॅट घेतला आहे. धाकट्या भावाला कुलमुखत्यारपत्र देऊन त्याच्याकडून दावा चालवला तर चालेल का? — एक वाचक, सध्या अमेरिकेत

उत्तर : भाडेकरू नियमित भाडे देत असला, तरी घरमालकाला स्वतःच्या राहण्यासाठी घराची वाजवी आणि खरीखुरी गरज असेल तर कलम १६ खाली ताबा मागता येतो. गरज कोणती आणि ती कशी भागवायची हे घरमालकाने ठरवायचे, “तुम्ही दुसरीकडे का राहत नाही” हे त्याला सुनवायचा अधिकार भाडेकरूला नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या प्रतिवादेवी प्रकरणात म्हटले आहे. मात्र गरज आणि इच्छा यांत अंतर आहे. निवृत्तीची तारीख, तेथील घर विकण्याचे अथवा सोडण्याचे कागद, भारतात दुसरे राहते घर नसल्याचे प्रतिज्ञापत्र, हे सगळे दाव्याबरोबर असेल तर गरज कागदावर उभी राहते. मुंबई परिसरात आपल्या नावावर आणखी एखादे घर असेल, तर ते आपणहूनच सांगून टाका आणि ते का पुरेसे नाही हेही सांगा. उलटतपासात ते बाहेर आले, तर बाकीची सारी साक्ष पातळ होते.

गरज सिद्ध झाली तरी न्यायालयाला आणखी एक गोष्ट पाहावी लागते. हुकूम दिल्याने भाडेकरूला होणारी अडचण आणि न दिल्याने मालकाला होणारी अडचण, यांत अधिक कोणती? येथे कल्याणचा फ्लॅट उपयोगी पडेल. तो मुलाचा आहे, भाडेकरूचा नव्हे, हा बचाव ते घेतील. पण मुलगा आईवडिलांसोबतच राहत असेल आणि फ्लॅट रिकामा किंवा भाड्याने दिलेला असेल, तर अडचणीचे पारडे आपल्याकडे झुकू शकते. फ्लॅटच्या खरेदीखताची सूची क्रमांक दोनची (इंडेक्स टू) प्रत नोंदणी खात्याकडून काढून ठेवा. अर्ध्या घरात दोघांचीही सोय होत असेल, तर न्यायालय काही भागापुरताच हुकूम देऊ शकते, हेही लक्षात असू द्या.

भावाबद्दल. कुलमुखत्यारधारक दावा दाखल करू शकतो, सह्या करू शकतो, वकील नेमू शकतो. पण आपल्याला गरज का आहे हे तो आपल्या वतीने शपथेवर सांगू शकत नाही, कारण ती माहिती आपल्या मनातली आहे, त्याच्या नव्हे. २००५ च्या जानकी भोजवानी प्रकरणापासून ही गोष्ट पक्की झालेली आहे. “साहेबांना परत यायचे आहे असे त्यांनी मला फोनवर सांगितले” असे भाऊ पिंजऱ्यात म्हणू लागला की समोरचे वकील खाली बसतात, त्यांना पुढे काही विचारावेच लागत नाही. तेव्हा साक्षीसाठी आपण स्वतः या. येणे अशक्यच असेल, तर व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने साक्ष नोंदवण्याची परवानगी वेळेत मागावी. बहिणीची संमती असावी हे उत्तम, पण सहमालकांपैकी एकालाही असा दावा लावता येतो. तिची सही आली नाही म्हणून अडून राहू नका.

आणि एक बजावून सांगतो. या कारणावर ताबा मिळाल्यावर महिन्याच्या आत आपण राहायला गेला नाहीत, किंवा वर्षाच्या आत घर दुसऱ्याला भाड्याने दिलेत, तर जुना भाडेकरू न्यायालयात येऊन ताबा परत मागू शकतो. घर विकण्याचा किंवा पुनर्विकासाला देण्याचा बेत मनात असेल, तर स्वतःच्या गरजेचे कारण पुढे करू नका. पाडून नवी इमारत बांधण्यासाठी कायद्यात वेगळे कारण आणि वेगळ्या अटी आहेत.

प्रश्न : माझे पती सैन्यातून निवृत्त झाले आणि गेल्या वर्षी वारले. नगरला आमचे एकच घर असून ते भाड्याने दिलेले आहे. मला त्यात राहायचे आहे. मलाही तोच लांबचा रस्ता का? — एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : नाही, आपल्यासाठी जवळचा रस्ता आहे. कलम २३ प्रमाणे सेनादलातील आजी-माजी सदस्य आणि त्यांच्या पश्चात त्यांचे वारस सक्षम प्राधिकाऱ्याकडेच ताब्याचा अर्ज करू शकतात. त्यासाठी पतीची सेवा आणि त्या गावात राहण्याजोगे दुसरे घर नसणे, याविषयीचे अधिकृत प्रमाणपत्र जोडावे लागते. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जाऊन कोणाच्या सहीचे प्रमाणपत्र लागते ते आधी विचारून घ्या. प्रमाणपत्राशिवाय अर्ज केला तर तो परत येण्यात वेळ जातो. पुढची पद्धत पहिल्या पत्राच्या उत्तरात सांगितली तीच.

प्रश्न : एका नातलगाला चौदा वर्षांपूर्वी तोंडी बोलण्यावर खोली दिली. तो महिन्याला २,००० रुपये रोख देतो, पावती नाही. आता म्हणतो, “बारा वर्षे उलटली, खोली माझी झाली.” व्हॉट्सॲपवरही असाच एक संदेश फिरतो आहे. — एक वाचक, सांगली

उत्तर : खोली त्याची झालेली नाही. बारा वर्षांचा नियम मालकाच्या हक्काला उघड आव्हान देऊन, त्याच्याविरुद्ध ठेवलेल्या ताब्याला लागू पडतो. परवानगीने आलेला आणि पैसे देत राहिलेला माणूस कितीही वर्षे राहिला तरी त्याचा ताबा परवानगीचाच राहतो. भाडेकरूला तर भाडेपट्टा चालू असताना आपल्या मालकाची मालकी नाकारताच येत नाही. तो संदेश वाचून घाबरणारे जितके, तितकेच त्याच्या भरवशावर अंगावर येणारे आहेत, आणि दुसऱ्या प्रकारच्या लोकांशी वाद घालण्यात माझा बराच वेळ जातो. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्याचेही असेच संदेश फिरतात. तो केवळ नमुना असून राज्याने स्वीकारल्याखेरीज कोठेही आपोआप लागू होत नाही.

खरी अडचण वेगळी आहे, आणि ती आपणच ओढवून घेतलेली आहे. लेखी, नोंदवलेला करार नसेल तर घर कोणत्या अटींवर दिले याबाबत भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते, असे कलम ५५ सांगते. नोंदणी न करणाऱ्या घरमालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंडाचीही तरतूद आहे. त्यामुळे “हे लायसन्स होते, संपले” असे आपल्याला आता म्हणता येणार नाही. तो भाडेकरू आहे असे धरूनच कलम १६ मधील एखादे कारण असेल तर दावा लावावा लागेल, नाहीतर तडजोड. तडजोड न्यायालयाबाहेर केलीत तर मुदतीचा नवा, नोंदणीकृत लायसन्स करार करून घ्या, आणि जुने नाते संपवून खोली एकदा प्रत्यक्ष रिकामी करून घेतल्यावरच करा. केवळ कागद बदलला आणि माणूस हलला नाही, तर तो कागद देखावा ठरवला जाण्याची शक्यता असते. न्यायालयात तडजोड करणार असाल, तर ताब्याचे कारण त्याला मान्य असल्याचे तडजोडपत्रात स्पष्ट लिहून घ्या. भाडे कायद्यातील कारणाचा मागमूस नसलेला तडजोडीचा हुकूम पुढे टिकत नाही.

प्रश्न : नाशिकच्या दिवाणी न्यायालयाने पोटभाडेकरू ठेवल्याच्या कारणावर माझ्या बाजूने ताब्याचा हुकूमनामा दिला. भाडेकरूने अपील केले आहे. तो आजही जुनेच १५० रुपये भाडे देतो. अपील संपेपर्यंत मी हात जोडून बसायचे का? वैतागून एकदा पाण्याचा कॉक बंद करावा असे वाटते. — एक वाचक, नाशिक

उत्तर : कॉकला हात लावू नका. पाणी, वीज, जिन्यातला दिवा, सफाई या आवश्यक सेवा पुरेशा कारणाशिवाय तोडणे कलम २९ प्रमाणे शिक्षापात्र गुन्हा आहे आणि भाडेकरूच्या अर्जावर न्यायालय ती सेवा लगेच चालू करायला लावते. जिंकलेला मालक आरोपी होऊन त्याच न्यायालयाच्या आवारात फिरताना मी पाहिला आहे.

अपिलाची मुदत तीस दिवसांची असते आणि मुंबईबाहेर ते जिल्हा न्यायालयात चालते. केवळ अपील दाखल झाले म्हणून हुकूमनामा थांबत नाही. स्थगिती मागावी लागते, आणि ती देताना न्यायालय अटी घालू शकते. येथेच आपले १५० रुपये कामाला येतात. ताब्याचा हुकूम झाल्यावर भाडेकरू जुन्या भाड्याच्या आडोशाला राहू शकत नाही, त्याने बाजारभावाच्या जवळपास रक्कम भरावी, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने आत्माराम प्रॉपर्टीज (२००५) प्रकरणात मांडले आणि सुपर मॅक्स (२००९) प्रकरणात महाराष्ट्रातल्या भाडेकरूंनाही लावले. तेव्हा स्थगितीच्या अर्जाला उत्तर देताना आसपासच्या तशाच खोल्यांचे दोन-तीन नोंदणीकृत लायसन्स करार जोडा आणि दरमहा तेवढी रक्कम न्यायालयात भरण्याची अट मागा. बहुतेक वकील स्थगितीला नुसता विरोध करतात आणि आकडा मागायचे राहून जाते. अट घातली गेली आणि एक हप्ता चुकला, तर स्थगिती उठवण्याचा अर्ज लगेच देता येतो. अनेक अपिले याच टप्प्यावर तडजोडीला येतात.

अपील फेटाळले गेले, किंवा स्थगिती मिळालीच नाही, तर हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त लावावी लागते. मुदत बारा वर्षांची असली तरी आपण बारा दिवसही थांबू नये. पोटभाडेकरू दाव्यात पक्षकार नसेल तर तो आयत्या वेळी दारात उभा राहून अडथळा आणतो. त्याचे म्हणणे दरखास्तीच्या न्यायालयातच ऐकले जाते, त्यासाठी वेगळा दावा लागत नाही. ताब्याच्या दिवशी बेलीफाबरोबर (हुकूम बजावणारा न्यायालयाचा कर्मचारी) आपले दोन पंच, कुलूप उघडणारा कारागीर आणि नवे कुलूप असू द्या. हरकतीची शक्यता असेल तर पोलीस बंदोबस्ताचा हुकूम आणि त्याचे पैसे आधीच भरलेले हवेत. आत सामान निघालेच तर एकेक वस्तू पंचनाम्यात लिहून घ्या, मोडकी खुर्चीसुद्धा. आणि बेलीफ सही करण्यापूर्वी वीजमीटरवरचा आकडा त्यात आला आहे ना, हे स्वतः वाचून पाहा, कारण मागच्या बिलाचा वाद नंतर त्याच एका आकड्यावर मिटतो.